छतापर्यंतचा पाइप की सिंकखालचा व्हॉल्व्ह?

अमेरिकेत सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला की ही तक्रार हमखास ऐकू येते: सिंकखालचं कपाट उघडलं की गटाराचा वास. मग प्रश्न पडतो, तिथला ड्रेनला, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाला, हवा देणारा स्वस्तातला व्हॉल्व्ह काढून हवेसाठी थेट छतापर्यंत पाइप न्यावा का?

तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला, एक हवेला. ड्रेनचंही तसंच. मागून हवा मिळाली नाही तर वाहतं पाणी ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं, वास अडवणारं पाणीही ओढून नेतं, आणि सांडपाण्याच्या टाकीतली हवा घरात शिरते.

छतावरच्या पाइपात बिघडण्यासारखं काही नाही, हवा दोन्हीकडे खेळते. पण प्रत्येक पाइप म्हणजे छताला एक भोक. त्याभोवतीच्या सीलंटला तडा गेला की पाणी झिरपतं, आतलं लाकूड कुजतं, आणि डाग दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. एका सिंकसाठी नवं भोक मी कधीच पाडणार नाही.

व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे सिंकपाशी तो चालतो, टाकीला मात्र नाही. टाकी भरताना हवा बाहेर पडलीच पाहिजे. ग्रे (सिंक-शॉवरच्या पाण्याची) असो वा ब्लॅक (संडासाची), टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची वाट, छतावरच हवा. तिथे तडजोड नको.

व्हॉल्व्हमध्येही दोन जाती आहेत. कंपनीकडून बहुधा स्प्रिंगचा येतो. त्याचा रबरी वॉशर वाळतो, अडकून अर्धवट उघडा राहतो, आणि कपाटात वास येतो. दुसऱ्यात स्प्रिंग नसते, पडदा स्वतःच्या वजनाने बसतो. महाग आहे, पण माझं मत यालाच. आटे बहुतेक दीड इंचीच असतात, जुना फिरवून काढायचा, नवा बसवायचा. फक्त तो उभाच हवा आणि ड्रेनच्या आडव्या पाइपापासून किमान 4 इंच वर. उंचीला मोठा असतो, म्हणून कपाटात जागा आधी मोजा.

शॉवरखाली साध्या ट्रॅपला जागाच नसेल तर हेपवो बघा. सिलिकॉनच्या पडद्याचा, बिनपाण्याचा ट्रॅप. गाडी हलली तरी सांडायला पाणी नाही, थंडीत गोठायलाही नाही, आणि त्याला वेगळा व्हेंटही लागत नाही.

वास फक्त छताचा पंखा चालू असतानाच येत असेल तर खरेदीआधी एक खिडकी उघडून बघा. सगळं बंद असलं की पंखा ड्रेनमधूनच हवा ओढतो.