इच्छावृक्ष सेवा: संकलन चोख, सजावट निष्काळजी

वर्षअखेरच्या सुट्ट्यांआधी कार्यालयाची सजावट आणि गरजूंसाठी मदतीचे संकलन, ही दोन्ही कामे आम्ही यंदा एकाच व्यावसायिक सेवेकडे सोपवली होती. सेवेची माणसे दर्शनी भागात झाड उभे करतात, दिव्यांच्या माळा लावतात आणि झाडावर चिठ्ठ्या टांगतात. आपण एक चिठ्ठी काढायची, तिच्यावर लिहिलेली वस्तू आणून द्यायची, आणि ती संबंधित संस्थेकडे पोहोचवण्याची जबाबदारी त्यांची. कार्यालयाच्या वतीने हे सगळे मी पाहत होतो. संकलनाचे काम या मंडळींनी मनापासून केले. सजावटीबाबत मात्र माझ्या गंभीर तक्रारी आहेत.

चिठ्ठ्यांची ही पद्धत जुनी आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १९७९ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग येथे ‘एंजल ट्री’ सुरू केले, तेव्हा मुलांच्या गरजा देवदूतांची चित्रे असलेल्या शुभेच्छापत्रांवर लिहून ती एका मॉलमधील झाडावर लावली होती. ‘सढळ हाताने मदत करा’ असा फलक वाचून माणूस पुढे निघून जातो, पण चिठ्ठीपाशी थांबतो, याचा प्रत्यय मला पहिल्याच दिवशी आला. मी काढलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘मुलगी, वय ९. पावसात चालतील असे बूट, माप ३. रंग कोणताही, गुलाबी नको.’ नाव नव्हते, छायाचित्र नव्हते, फक्त एक क्रमांक होता. त्या मुलीची आवडनिवड कोणीतरी आवर्जून विचारून घेतली होती आणि तरीही तिची ओळख कुठेही उघड होत नव्हती. हा तोल सांभाळणे सोपे नाही, आणि सेवेला मी सर्वाधिक गुण देईन ते याच गोष्टीसाठी.

प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग असतात. वरचा भाग आपण न्यायचा, खालचा नोंदवहीत राहतो, आणि वस्तू परत आली की दोन्ही क्रमांक ताडून पाहिले जातात. दिखाऊ काहीच नसलेल्या या वहीमुळेच आमचे संकलन तडीस गेले. मुदतीच्या आठवडाभर आधी वही तपासली तेव्हा काही चिठ्ठ्या नेणाऱ्यांकडून वस्तू आलेल्याच नव्हत्या. कोणी विसरले होते, कोणी रजेवर गेले होते. सेवेने प्रत्येकाला खासगीत आठवण करून दिली आणि उरलेल्या वस्तू स्वतः खरेदी केल्या. वही नसती तर एखाद्या मुलाच्या वाट्याला काहीच आले नसते आणि आमच्या ते लक्षातही आले नसते.

रोख देणगीचीही सोय होती आणि पावती देणाऱ्याच्या नावाने मिळाली. कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनीने तितकीच भर घालण्याची प्रथा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रतिष्ठानाने १९५४ मध्ये सुरू केली आणि पुढे ती अनेक ठिकाणी रुजली. आमच्याकडेही ती आहे, त्यामुळे त्या पावत्या जोडून कंपनीचा वाटा लगेच मागता आला. मात्र सेवेने देणगीदारांची नावे आणि रकमा यांची यादी लिफ्टशेजारी लावली, हे मला मुळीच पटले नाही. नुकताच रुजू झालेला एक सहकारी आपले नाव शोधत त्या यादीसमोर उभा होता आणि त्याच्या नावापुढची रक्कम सर्वांत लहान होती. सांगितल्यावर यादी त्याच दुपारी उतरवली गेली, पण ती लागायलाच नको होती. वरिष्ठांच्या देखत होणाऱ्या संकलनात कोणी किती दिले, हे देणारा आणि हिशेब ठेवणारा यांच्यातच राहिले पाहिजे.

आता सजावट. दिवे एलईडीचे होते, ही जमेची बाजू; जुन्या तारेच्या बल्बपेक्षा ते सुमारे ७५ टक्के कमी वीज घेतात आणि फारसे तापत नाहीत. पण माळा जोडण्यासाठी एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा खुपसला होता आणि वायर गालिच्याखालून नेली होती. पायांखाली वायरचे आवरण झिजते आणि उष्णता आतच कोंडते, म्हणून असे कधीही करू नये. त्याहून वाईट म्हणजे आपत्कालीन दारावरची पाटी हिरव्या तोरणाआड गेली होती. ते तोरण मी स्वतः उतरवले. सजावट उभारायला आलेल्या दोन्ही मुलांनी मनापासून मेहनत घेतली, पण दार, पाटी आणि अग्निशामक मोकळे ठेवायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हा दोष त्यांना पाठवणाऱ्यांचा आहे.

पुढील वर्षी संकलन याच सेवेकडे द्यावे आणि सजावट आमच्या देखभाल विभागाने करावी, अशी शिफारस मी केली आहे. देणगीदारांची यादी लावू नये आणि प्रत्येक वस्तू पोहोचल्याची संस्थेची सही नोंदवहीत घ्यावी, या दोन अटी करारात लेखी घालण्यास सेवेने होकार दिला आहे.