ऑडिओ ट्रॅकची नोंद: मीडिया लायब्ररी की स्वतःचा तक्ता?

संग्रहात शे-दीडशे चित्रपट असेपर्यंत कोणत्या चित्रपटाला कोणता ऑडिओ आहे, हे लक्षात राहते. त्यापुढे नोंद ठेवावीच लागते, आणि मग ती मीडिया लायब्ररी चालवणाऱ्या प्रोग्रामवर सोपवावी की स्प्रेडशीटमध्ये स्वतः करावी, असा प्रश्न उभा राहतो. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. पहिली सुमारे दोन वर्षे आणि दुसरी त्यानंतर आजतागायत. फाइलच्या नावातच सगळी माहिती कोंबण्याची तिसरी पद्धतही आहे, पण एका फाइलमध्ये पाच ट्रॅक निघाले की ते नाव वाचण्याजोगे राहत नाही, म्हणून तिचा विचार येथे करत नाही.

लायब्ररीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा श्रमांचा आहे. फोल्डर दाखवून दिला की रात्रीतून सगळ्या चित्रपटांची पोस्टरे, कलाकार, कालावधी आणि ऑडिओचा एक छोटा बिल्ला हजर होतो. नवी फाइल टाकली की नोंद आपोआप होते, आणि घरातल्या इतरांनाही ती रिमोट हातात घेऊन पाहता येते. स्प्रेडशीटबद्दल यातले काहीच म्हणता येणार नाही. माझा तक्ता माझ्याशिवाय घरात कोणी उघडल्याचे मला आठवत नाही.

अडचण सुरू होते ती त्या बिल्ल्यावर काय लिहिलेले असते तेथून. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही आवाज वरच्या बाजूनेही ऐकवण्याची सोय आहे, स्वतंत्र कोडेक (आवाज साठवण्याची सांकेतिक पद्धत) नाही. ब्लू-रेवर ते ट्रूएचडी या डॉल्बीच्याच कोडेकच्या पोटात येते, तर स्ट्रीमिंगवर बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसच्या. पहिला लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गमावणारा, आहे आणि दुसरा नाही, त्यामुळे नुसते ‘अ‍ॅटमॉस’ असे लिहिल्याने दर्जाबद्दल फारसे काही कळत नाही. डीटीएस या डॉल्बीच्या स्पर्धक कोडेकच्या बाबतीत गोंधळ उलट्या दिशेने होतो. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या आत साधा डीटीएस कोअर (गाभा) असतो, बहुतेक वेळा १,५०९ केबीपीएसचा (सेकंदाला इतके हजार बिट), आणि एफएफप्रोबसारखे फाइल तपासणारे साधन दोन्हींचा कोडेक ‘डीटीएस’ असाच सांगते. फरक ‘प्रोफाइल’ या वेगळ्या ओळीत असतो. जो प्रोग्राम ती ओळ वाचत नाही, त्याच्या लेखी डीव्हीडीवरचा ७५४ केबीपीएसचा ट्रॅक आणि ब्लू-रेवरचा लॉसलेस ट्रॅक हे सख्खे भाऊ ठरतात.

हा भेद केवळ हौशी लोकांच्या वादाचा विषय आहे, असे मला वाटत नाही. टीव्हीतून रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरकडे) आवाज नेणाऱ्या साध्या एचडीएमआय एआरसी जोडणीवरून ट्रूएचडी जात नाही. त्यासाठी ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती तरी लागते किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. ऑप्टिकल केबल तर साधे डॉल्बी डिजिटल, साधा डीटीएस आणि दोन चॅनलचे पीसीएम (न दाबलेला आवाज) यांपलीकडे काही नेत नाही. डीटीएस-एचडीचा ट्रॅक जुन्या रिसीव्हरवरही आतल्या कोअरच्या आधारे वाजतो. ट्रूएचडीत असा कोअर नसतो, म्हणूनच ब्लू-रेवर त्याच्या सोबतीला डॉल्बी डिजिटलचा ट्रॅक द्यावाच लागतो. रिप करताना, म्हणजे डिस्कवरून फाइल बनवताना, हा सोबतचा ट्रॅक दुबार समजून वगळण्याचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला होता, आणि तो नेमका कोणकोणत्या चित्रपटांतून वगळला हे नंतर शोधताना बिल्ल्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

माझा कल बदलला तो मात्र क्षुल्लक वाटेल अशा एका त्रासामुळे. मी वापरत असलेला प्रोग्राम यादीत प्रत्येक चित्रपटाला एकच बिल्ला देत असे, आणि तो फाइलमधल्या सर्वांत भारदस्त ट्रॅकचा असे. ‘ट्रूएचडी ७.१’ (सात मुख्य चॅनल आणि एक खर्जाचा) पाहून चित्रपट निवडायचा, सर्वांना जमवून बसवायचे, आणि चित्रपट सुरू झाल्यावर लक्षात यायचे की ते ७.१ मूळ भाषेत आहे. ज्या भाषेत घरातले लोक तो पाहणार आहेत, तो ट्रॅक दोन चॅनलचा, १९२ केबीपीएसचा डॉल्बी डिजिटल आहे. चित्रपटाचे पान उघडले की सगळे ट्रॅक दिसत, हे मान्य केले पाहिजे. पण ‘या भाषेत ५.१ असलेले सगळे चित्रपट दाखव’ असे त्या यादीला विचारायची सोयच नव्हती, आणि दर वेळी एकेक पान उघडून पाहायचे तर नोंद कशासाठी ठेवली, असे वाटू लागले. भर म्हणून, शीर्षक नसलेला दिग्दर्शकाच्या भाष्याचा ट्रॅकही त्याच्या हिशेबात त्या भाषेतला ऑडिओच होता. काही चुका मी हाताने दुरुस्त केल्या. डेटाबेस नव्याने बांधावा लागला तेव्हा त्याही गेल्या. इतर प्रोग्रामांत हे कदाचित अधिक चांगले हाताळले जात असेल.

म्हणून माझ्या तक्त्यात ओळ आहे ती ट्रॅकला, चित्रपटाला नव्हे. रकाने असे: चित्रपट, ट्रॅक क्रमांक, भाषा, कोडेक, प्रोफाइल, चॅनल, बिटरेट, भाष्य आहे का, आणि मूळ स्रोत. यातली बहुतेक माहिती मीडियाइन्फो हे फाइल वाचणारे साधन मजकुराच्या रूपात देते आणि ती चिकटवणे एवढेच काम उरते, तरीही एका संध्याकाळी माझे वीस-पंचवीस चित्रपटच होत असत, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटचे दोन रकाने मात्र माणसालाच भरावे लागतात, आणि तेच सर्वांत मोलाचे ठरले. ५.१चा फ्लॅक (हाही एक लॉसलेस कोडेक) ट्रॅक कागदोपत्री लॉसलेस दिसतो, पण तो मुळात डॉल्बी डिजिटलवरून बनवलेला असेल तर गेलेला तपशील परत आलेला नसतो. आणि अ‍ॅटमॉस असलेल्या ट्रूएचडीवरून बनवलेला असेल तर अ‍ॅटमॉसची माहिती त्यात उरलेलीच नसते. बिटरेटवरूनही थोडा माग लागतो. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलची मर्यादा ४४८ केबीपीएस आहे आणि ब्लू-रेवर ६४०, त्यामुळे ६४०चा ट्रॅक जसाच्या तसा डीव्हीडीतून आला असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

ज्यांच्या घरी आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो, किंवा जे सगळे चित्रपट मूळ भाषेतच पाहतात, त्यांना एवढी उस्तवार करण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यांना लायब्ररी पुरेशी आहे. घरात दोन भाषांतले प्रेक्षक असतील, किंवा पुढेमागे रिसीव्हर बदलून कोणते ट्रॅक पुन्हा रिप करावे लागतील हे पाहायचे असेल, तर मात्र तक्त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. चित्रपट लावण्यासाठी लायब्ररी माझ्याकडे अजूनही आहे. तिच्या यादीतले ऑडिओचे बिल्ले तेवढे मी बंद करून ठेवले आहेत.