हाडांसाठी देणगी: शिबिराला, डेक्साला की संशोधनाला?

आईच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ घालायची नाही, ते पैसे हाडांच्या ठिसूळपणासाठी द्यायचे, हे आम्हा भावंडांत लगेच ठरलं. खुबा मोडल्यावर आई पुन्हा उठलीच नाही. पैसे नेमके कुठे द्यायचे, यावर मात्र दोन महिने वाद चालला.

दादाचं मत शिबिराला. २० ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिनाच्या आसपास अशी शिबिरं ठिकठिकाणी भरतात. टाच मशीनमध्ये ठेवायची, काही मिनिटांत कागद हातात. थोड्या पैशांत पुष्कळ बायका तपासून होतात, फोटोही छान येतात. पण टाचेची मशीन अल्ट्रासाउंडवर चालते आणि तिच्या आकड्यावरून निदान होत नाही. निदान होतं डेक्सावर, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर. ती घनता तरुण स्त्रीच्या मानानं किती कमी-जास्त, हे सांगणारा आकडा म्हणजे टी-स्कोर. डब्ल्यूएचओनं १९९४ मध्ये घालून दिलेली उणे २.५ टी-स्कोरची रेघ डेक्सासाठी आहे. आमच्या सोसायटीतल्या शिबिरात निम्म्याअधिक बायकांच्या कागदावर ‘हाडं कमजोर’ असा शेरा होता आणि दाराशीच कॅल्शियमच्या डब्या विकायला मांडल्या होत्या. त्यांतल्या एकीनंही पुढे डेक्सा केल्याचं मला माहीत नाही.

ताईला संशोधन हवं होतं आणि तिचा मुद्दा कच्चा नव्हता. ब्रिटनमध्ये ‘स्कूप’ नावाची मोठी चाचणी झाली, ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ स्त्रियांवर. तिचा खर्च सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद आणि संधिवातासाठी देणग्या गोळा करणारी एक संस्था यांनी मिळून उचलला. जोखीम मोजून गरजेपुरती डेक्सा केलेल्या गटात पाच वर्षांत खुब्याचे फ्रॅक्चर २८ टक्क्यांनी कमी झाले. एकूण फ्रॅक्चरमध्ये मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. आपल्याकडे तर पायाभूत प्रश्नच बाकी आहेत. खुब्याचा टी-स्कोर काढताना तुलना होते ती अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण स्त्रियांशी. पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत मुलांच्या हाडांच्या वाढीवर बरीच वर्षं काम चाललंय. म्हातारपणी लागणारी पुंजी तिशीच्या आतच साठते, तेव्हा तेही याच दुखण्याचं काम. अडचण रकमेची: आमच्या पन्नास हजारांत अभ्यास उभा राहत नाही. देणाऱ्याची ऐपत मोठी असेल आणि दहा वर्षं थांबायची तयारी असेल, तर मी ताईच्या बाजूनं.

माझं म्हणणं तिसरंच. पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून जिचं मनगट मोडलं, ती बाई शोधा. तिला प्लास्टर घालून घरी पाठवतात, हाड का मोडलं हे कुणी बघत नाही. पुढच्या फ्रॅक्चरची शक्यता तिला इतरांच्या साधारण दुप्पट. ग्लासगोत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच रुग्णांसाठी वेगळी सेवा सुरू झाली: नर्स यादी काढते, बोलावते, डेक्सा करवते, औषध सुरू झालं का विचारते. आपल्याकडे डेक्सा बहुतेक शहरात, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरीही देणगीतच धरायला हवी. आणि फोन करणाऱ्या बाईचा पगार! मशीनवर नाव कोरता येतं, पगारावर येत नाही, म्हणून तो द्यायला कुणी पुढे येत नाही.

करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत, म्हणून चेकनं दिलेलं बरं.

शेवटी पस्तीस हजार एका धर्मादाय रुग्णालयाच्या हाडांच्या विभागाला दिले, फ्रॅक्चर झालेल्या बायकांच्या डेक्सा आणि प्रवासासाठी, तसं पत्रात लिहून घेऊन. पंधरा हजार ताईच्या हट्टापायी संशोधनाला गेले. दादा अजून म्हणतो, शिबिरात निदान आईचा फोटो तरी लागला असता.