पाच जोड्या हातात: सात जोड्या की तिकड्या?

माहजाँग हा टाइल जुळवायचा चिनी खेळ. विश्रामबागेतल्या आमच्या डावात वहिनी परवा इथेच अडल्या: हातात पाच जोड्या, आता डाव सात जोड्यांनी पुरा करायचा की तिकड्यांनी, म्हणजे तीन-तीन सारख्या टाइलनी?

सात जोड्या झटपट होतात. सहावी जुळली की एकाच टाइलची वाट. पण तोवर सगळं स्वतःच उचलायचं. दुसऱ्याने टाकलेली फक्त डाव पुरा करणारी शेवटची टाइल घेता येते, आणि एक हातात असल्याने तशा उरतात फार तर ३. म्हणून वाट बघायला सुटा वारा (दिशेची टाइल) ठेवावा, तो लोक बिनदिक्कत टाकतात.

तिकड्या चार लागतात, पल्ला लांबचा. मात्र कुणीही टाकलेली टाइल पंग म्हणून, म्हणजे हातातल्या जोडीची तिकडी करायला, घेता येते. पण वहिनी, एकदा पंग मांडली की सात जोड्या संपल्या, परतीची वाट नाही!

जोड्या वारे-ड्रॅगनच्या (आकडे नसलेल्या टाइलच्या) आणि डाव नुकताच सुरू झालेला, तर तिकड्या. मधल्या आकड्यांच्या असतील तर सात जोड्याच धरा.