डगआउटशेजारी ७०-२००

शिवाजी पार्कात मुलांच्या मॅचेसचे फोटो काढायचो तेव्हा साइटस्क्रीनजवळ बसूनही ४०० मिमी कमीच पडायची. त्यामुळे अमेरिकेतल्या डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर पहिल्या बेसकडच्या डगआउटला (खेळाडूंच्या बसायच्या जागेला) लागून पुढच्या रांगेतलं तिकीट मिळालं, तेव्हा निकॉनची ७०-२०० मिमी एफ/२.८ई झूम लेन्स घेऊन जाताना मन खातच होतं. मोठी लेन्स भाड्याने आणायचीही तयारी केली होती. नाही आणली ते बरं झालं.

इथून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, साधारण २५ मीटरवर. माझ्या डी५०० कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर २०० मिमीचा आवाका ३०० एवढा होतो. कॅमेरा उभा धरला की बॅटर बुटांपासून हेल्मेटपर्यंत मावतो, वर बॅट फिरायला जागा उरते. उजवा बॅटर आपल्याकडे तोंड करून उभा असतो. डावखुरा आला की पाठीवरचा नंबर वाचत बसा.

समोर जाळी आहे. लेन्सच्या तोंडावरचं हूड काढून लेन्स जाळीला जवळजवळ टेकवली आणि अ‍ॅपर्चर २.८ वर ठेवलं की जाळी फोटोतून गायब. फोकस मात्र सारखा तिच्यातच अडकत होता. फोकस किती अंतरापासून शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण 'फुल'वरून ५ मीटर-ते-अनंतवर सरकवल्यावर तो सुटला. हे मला चौथ्या इनिंगला सुचलं! जाळीवर तिरकं ऊन असेल तर मात्र इलाज नाही, फोटो दुधाळ येतो.

हा टॅम्पा बे रेजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली. चेंडू ताशी १५० किलोमीटरने सहज येतो. डी५०० सेकंदाला १० फोटो काढतो, पण दोन फोटोंच्या मध्ये तेवढ्यात चेंडू चार मीटर पुढे गेलेला असतो. नुसतं बटण दाबून धरलं तर बॅटला चेंडू लागतानाचा फोटो नशिबानेच मिळणार. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात सुटताना मनात मोजायला शिकलो, मग चार मिळाले. दिव्यांखाली १/१००० सेकंद शटर आणि आयएसओ ३२०० वर रंग छान राहिले.

डावीकडच्या ३२ फुटी निळ्या भिंतीवरचा बैल बुल्सचा होमरन (आपला षटकारच म्हणा) झाला की डोळे लाल करतो, नाकातून धूर सोडतो, शेपटी हलवतो. तेव्हा झूम ७० वर आणायची. सेंटर फील्डमधल्या झेलासाठी मात्र ही लेन्स नव्हे. हिरवळ येते आणि एक ठिपका. लेन्स १४३० ग्रॅमची, वर कॅमेरा. सातव्या इनिंगपासून मनगट बोलायला लागतं, आणि मोनोपॉड (एकपायी स्टँड) शेजाऱ्यांच्या पायात येतो.

रात्रीचा सगळ्यात सुंदर फोटो खेळाचा असणारच नव्हता. कठड्यावर हनुवटी टेकवून एक पिचर सूर्यफुलाच्या बिया चघळत होता, माझ्यापासून चारच मीटरवर. फोकस बसेना. बटण परत 'फुल'वर नेईपर्यंत त्याने सालं थुंकली आणि आत निघून गेला.