नात्यांबरोबर बदलणारं गेम-संगीत: थर लावायचे, तुकडे जोडायचे की प्रत्येक टप्प्याला वेगळी धून?

गेममधलं नातं बदललं की संगीत कसं बदलायचं, ही पद्धत ठरवायची ती रेकॉर्डिंगच्या आधी. नंतर ठरवली तर वादकांना पुन्हा बोलवावं लागतं, कारण प्रत्येक पद्धतीला लागणाऱ्या फाइलीच वेगळ्या असतात. खालची तुलना दोन-तीन जणांच्या टीमसाठी आहे: संवादांवर चालणारा गेम, फोन आणि साधा लॅपटॉप, संगीताला एकच माणूस.

उदाहरण एकच धरू. गेम नागपूरचा. शालूताई तर्री-पोह्याची गाडी चालवते, बंड्या तिच्याकडे कामाला लागतो. आधी मालकीण आणि नोकर, मग घरच्यासारखं, मग पैशावरून बिनसतं, आणि खेळणाऱ्याने नीट सांभाळलं तर पुन्हा जुळतं. म्हणजे टप्पे चार.

आधी आकड्याचं बघा

कोडमध्ये नातं बहुतेक 0 ते 100 असा एक आकडा असतो. तो थेट संगीताला जोडू नका. उंबरठा 60 ठेवला आणि आकडा 59-61 मध्ये खेळू लागला, तर बासरी दर दोन वाक्यांना येते आणि जाते. चढायला 60 आणि उतरायला 50 असे दोन वेगळे उंबरठे ठेवले की हे थांबतं. दुसरा घोळ याहून वाईट आहे. खेळणाऱ्याने पर्याय दाबल्याबरोबर आकडा बदलतो, संगीतही बदलतं, आणि शालूताई तोंड उघडायच्या आत ती चिडली हे कळून जातं. आकडा बदलला तरी संगीताला तो तिचं वाक्य संपल्यावर, किंवा सरळ पुढच्या प्रसंगाच्या सुरुवातीला कळवावा.

शिवाय एक आकडा पुरत नाही. आपुलकी आहे पण भरवसा उडाला, हे शालूताई-बंड्यासारख्या नात्यात रोजचं. दोन आकडे ठेवले की आपुलकीने किती वाद्यं वाजणार हे ठरतं आणि भरवशाने कोणते स्वर वाजणार ते.

थर

सगळे थर एकाच लांबीचे, एकाच क्षणी सुरू होतात आणि सतत वाजत राहतात. बदलतो तो फक्त प्रत्येकाचा आवाज. संगीत कुठेही तुटत नाही, हा मोठा फायदा. तोटा पुस्तकांत नेहमी सांगतात तो असा: सगळ्या थरांखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे ठरावीक स्वर) एकच, त्यामुळे संगीत भरत जाईल किंवा विरळ होईल, पण आनंदाचं दुःख होणार नाही.

हा तोटा कॉर्डवर बांधलेल्या संगीताचा आहे. खाली सा-प चा तानपुरा असेल तर तो उरत नाही. बिलावल थाटात सगळे स्वर शुद्ध, काफीत ग आणि नी कोमल, आणि दोन्हींखाली तोच तानपुरा चालतो. शालूताईची धून पेटीवर ‘सा ग म प’, बंड्याचं उत्तर बासरीवर ‘प म ग रे सा’. बिनसलं की पेटीचा शुद्ध ग असलेला थर खाली जातो आणि कोमल ग असलेला वर येतो. बंड्याची ओळ ‘प म ग रे’ वरच थांबते, सा येतच नाही. ठेका, लय, तानपुरा जिथल्या तिथे.

म्हणजे थर सहा: तानपुरा, तबला-डग्गा, पेटी शुद्ध, पेटी कोमल, बासरी शुद्ध, बासरी कोमल. दादरा, मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर आवर्तन 3 सेकंदांचं आणि 16 आवर्तनांची फेरी 48 सेकंदांची. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल) धरून, ते बरोबर 23,04,000 सॅम्पल होतात. लय निवडताना हे गणित करून घ्यावं. 110 ला चार मात्रांचा बार (पाश्चात्य पद्धतीचं छोटं आवर्तन) 1,04,727.27 सॅम्पल येतो. पूर्ण संख्या नाही, म्हणून प्रत्येक फाइल आपापल्या परीने गोल केली जाते, आणि एखाद्या थराची लांबी एका सॅम्पलने जरी चुकली तरी प्रत्येक फेरीला चूक वाढत जाते. 16 बिटची स्टिरिओ वेव्ह (न दाबलेली फाइल) एका थराला सुमारे 9.2 एमबी, सहांना 55. 128 केबीपीएसच्या ओजीजीत (दाबलेली फाइल) सहाही थर मिळून साधारण 4.6 एमबी. एमपी3 टाळा. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी शांतता चिकटवतो आणि फेरीच्या जोडावर उचकी लागते.

बिघडतं ते बहुतेक या ठिकाणी:

- मास्टरवर (सगळ्या थरांच्या एकत्र आवाजावर) लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारी सोय, ठेवून एकेक थर सोलो करून काढला, तर लिमिटर प्रत्येक वेळी वेगळा वागतो आणि सहा फाइलींची बेरीज मूळ मिक्ससारखी वाजत नाही. लिमिटर काढूनच थर काढा. एका वेळी जास्तीत जास्त जितके वाजणार तितके थर चालू असताना शिखर −6 डीबीच्या आसपास राहू द्या.
- रिव्हर्बची (आवाजाच्या घुमण्याची) शेपटी फेरीच्या शेवटी कापली जाते. फेरी सलग दोनदा वाजवून दुसरीच फाइलमध्ये घ्या. म्हणजे पहिलीची शेपटी दुसरीच्या सुरुवातीला आलेली असते.
- शुद्ध ग ची शेपटी कोमल ग वर पडली की कान लगेच तक्रार करतो. अदलाबदल समेवर करा, शेवटच्या दोन मात्रा दोन्ही थरांत सा किंवा प वर ठेवा, आणि रिव्हर्ब दीड सेकंदापेक्षा लांब नको.
- पेटीचा शुद्ध ग तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा (तारांतून आपोआप ऐकू येणाऱ्या ग पेक्षा) सुमारे 14 सेंट चढा असतो; पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं. मैफलीत कोणाला खटकत नाही, पण तोच लांब ग दर 48 सेकंदांनी आला की खटकतो. पेटीला ग वर मुक्काम देऊ नका, तो बासरीला द्या.

ताल निवडतानाही प्रसंगाचा विचार करावा. तीनतालात 80 मात्रांच्या लयीला आवर्तन 12 सेकंदांचं, म्हणजे सम येईपर्यंत भांडण होऊन दोघं आपापल्या घरी गेलेले असतील. दादरा किंवा केरवा बरा.

तुकडे

इथे संगीत दोन ते आठ बारांच्या तुकड्यांत लिहायचं आणि गेमने पुढचा तुकडा निवडायचा. एकातून दुसऱ्यात जाताना लय, थाट, वाद्यवृंद, सगळं बदलता येतं. पाश्चात्य कॉर्ड, मोठा वाद्यवृंद किंवा कथेला खरोखर फाटे फुटत असतील तर हीच पद्धत. ही कल्पना जुनी आहे. लुकासआर्ट्स या गेम-कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी बनवलेली आयम्यूज प्रणाली 1991 मध्ये दुसऱ्या ‘मंकी आयलंड’ गेममध्ये प्रथम वापरली गेली.

मेहनत तुकड्यांची नाही, जोडांची आहे. चार टप्पे असतील तर एकातून दुसऱ्यात जायच्या वाटा 12 होतात, कारण जाणं आणि येणं वेगळं. सगळ्या लिहू नका. शालूताई आणि बंड्या मालकीण-नोकर या टप्प्यापासून थेट भांडणापर्यंत जात नसतील तर ती वाट नसली तरी चालतं. उरलेल्या वाटांना एक-दोन बारांचा जोड-तुकडा पुरतो: नुसता ठेका, किंवा प वरचा एक लांब सूर. दोन वेगळ्या तुकड्यांचा क्रॉसफेड (एक उतरत असताना दुसरा चढणं) इक्वल-पॉवर हवा, म्हणजे दोन्हींची मिळून ताकद सारखी राहील असा. लिनिअर (सरळ रेषेत चढता-उतरता) ठेवला तर मध्ये आवाज खचतो.

प्रत्येक टप्प्याला वेगळी रचना

लिहायला सगळ्यांत सोपी आणि ऐकायला सगळ्यांत नेटकी. प्रत्येक चीज आपापल्या जागी पूर्ण असते. पण संगीत फक्त प्रसंग बदलताना बदलू शकतं, आणि पात्रं वाढली की हिशेब हाताबाहेर जातो. सहा पात्रांच्या जोड्या 15, टप्पे चार, म्हणजे 60 रचना. पात्रं तीनच्या वर असतील तर जोडीला धून देऊ नका, माणसाला द्या. सहा छोट्या धुना, सगळ्या एकाच सा वर, आणि एक हलते तेव्हा दुसरी थांबलेली अशा लिहिल्या की कोणत्याही दोन एकत्र वाजवता येतात.

चौथा मार्ग आहे, स्वर कोडने जागच्या जागी रचण्याचा. छोट्या टीमने त्याच्या वाटेला जाऊ नये. पेटीचं सॅम्पल कितीही चांगलं असलं तरी भात्याचा दम कोडला जमत नाही.

कशात जोडायचं

गोदो या मोफत गेम-इंजिनाच्या 4.3 आवृत्तीपासून (2024) थर आणि तुकडे दोन्ही इंजिनातच आहेत. थरांसाठी ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड, तुकड्यांसाठी ऑडिओस्ट्रीमइंटरॅक्टिव्ह. दुसऱ्यात ट्रान्झिशन टेबल असतो. त्यात लगेच, पुढच्या बीटला, पुढच्या बारला की शेवटी हे ठरवता येतं आणि मधला जोड-तुकडाही देता येतो. फाइल आयात करताना बीपीएम (मिनिटाला मात्रा) आणि बारमधले बीट भरा, नाहीतर इंजिनाला सम कळत नाही. ही सोय ओजीजीला आहे, वेव्हला नाही. थराचा आवाज डेसिबलमध्ये −60 पासून 0 पर्यंत सरळ चढवला तर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग थर एकदम अंगावर येतो. लिनिअर आकडा चढवून त्याचं डेसिबल करा.

एफमॉड या गेम-आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम कोड न लिहिता, टाइमलाइनवर ऐकत ऐकत होतं. संगीतकार कोड लिहिणारा नसेल तर वेळ इथेच वाचतो. एक खोच आहे. पॅरामीटरला (गेमकडून येणाऱ्या आकड्याला) सीक स्पीड, म्हणजे किंमत किती वेगाने सरकावी ते, दिलेला असेल तर सेव्ह केलेला गेम उघडल्यावर आकडा शून्यापासून 80 पर्यंत सावकाश चढतो. घरच्यासारख्या झालेल्या माणसांचं नातं दर वेळी पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाजतं. गेम उघडताना सीक स्पीड दुर्लक्षून किंमत द्या, आणि तीही इव्हेंट (एफमॉडमधलं ते संगीत) सुरू करायच्या आधी. वाइज या तशाच सॉफ्टवेअरची ताकद आणखी मोठी आहे, पण शिकायला वेळ लागतो. आवाजासाठी पूर्ण वेळ माणूस असेल तरच घ्यावं. दोन्हींच्या अधिकृत जोडण्या युनिटी आणि अनरियल या इंजिनांसाठी आहेत, गोदोसाठी समुदायाने केलेल्या. लहान बजेटला दोन्हींचा मोफत परवाना मिळतो, पण अटी प्रकाशनाच्या आधी वाचा, नंतर नको.

आमचं मत सरळ आहे. दोन-तीन पात्रं आणि तानपुऱ्यावर बसेल असं संगीत असेल तर गोदो आणि थर. कॉर्ड आणि फाटे फुटणारी कथा असेल तर एफमॉड आणि तुकडे. वेगळ्या रचना फक्त सुरुवात, शेवट आणि एखादा मोठा प्रसंग यांच्यासाठी राखून ठेवा. आणि नातं तुटलं की दुःखी व्हायोलिन आणू नका. बंड्याची बासरी काढून घ्या. मात्र त्याआधी खेळणाऱ्याने ती भरपूर ऐकलेली हवी, नाहीतर ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

नागपुरात रेकॉर्ड करताना

सगळे थर एकाच ऋतूत उरका. हवा तापली की बासरी चढते, पेटी जवळजवळ जिथल्या तिथे राहते. डिसेंबरात घेतलेली पेटी आणि मे महिन्यातली बासरी एकावर एक ठेवली तर जुळत नाहीत. तबल्याचं कातडं उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत चढतं, पावसाळ्यात उतरतं. उन्हाळ्यात खरा अडसर कूलरचा. खोलीतला बंद करता येतो, शेजारच्या घराचा नाही, आणि थर एकटा वाजू लागला की त्याची घरघर उघडी पडते. पहाटे पाचच्या सुमारास रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक बैठकीत आधी अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. नॉइज काढताना तो नमुना लागतो.

शेवटची तपासणी हेडफोनवर करू नका. फोनच्या स्पीकरमधून साधारण 200-300 हर्ट्झखालचं फारसं येत नाही. डग्गा जवळजवळ नाहीसा होतो आणि तानपुऱ्याची नुसती झणझण उरते. भांडणाची खूण डग्ग्यावर दिली असेल तर बहुतेकांना ती ऐकूच येणार नाही. ती पेटीच्या मधल्या सप्तकात हलवा.