जुनं डेबियन नव्या लॅपटॉपवर: आठ महिने आणि ते साडेपाच तास

गेल्या आठवड्यात लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमधून परत आला. मदरबोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. चालू केला, तर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जोडीला ठेवलेली माझी लिनक्स सिस्टिम, गायब आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देऊ?" मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. डिस्कला कुणी हातच लावला नव्हता. कोणती सिस्टिम कुठून सुरू करायची ही बूटची नोंद मदरबोर्डावरच्या मेमरीत असते आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो, म्हणून जुन्या बोर्डाबरोबर दोन्ही गेलं. की वहीत उतरवून ठेवली होती. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) ग्रब, म्हणजे सुरू होताना सिस्टिम निवडायचा मेनू, पुन्हा बसवलं, वीस मिनिटांत दोन्ही सुरू.

हा लॅपटॉप आठ महिन्यांपूर्वी नवा घेतला, तेव्हाची गोष्ट. माझं डेबियन २०१७ चं, स्ट्रेच या आवृत्तीपासून अपग्रेड करत बुकवर्म या आवृत्तीवर आणलेलं. नव्यानं टाकणं सोपं होतं, पण मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डची बसलेली घडी, फाँट, शब्दसूची हे सगळं पुन्हा कोण जमवणार? विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत गेलेच होते, म्हणून तेही ठेवलं. विंडोजमधूनच त्याचं पार्टिशन (डिस्कवरचा भाग) लहान केलं, रिकाम्या जागेत आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रामनं सगळं उतरवलं, एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीत नवे यूयूआयडी (ओळखक्रमांक) घातले, सीएचरूट करून, म्हणजे उतरवलेल्या सिस्टिमच्या आत शिरून, यूईएफआय या नव्या बूट पद्धतीचं ग्रब बसवलं. ग्रबमध्ये विंडोज दिसेना, कारण २.०६ आवृत्तीपासून त्यातला दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. एक ओळ बदलावी लागली. एका संध्याकाळचं काम. पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा जुनाच वॉलपेपर, ब्राउझरचे जुनेच टॅब. फार बरं वाटलं.

त्रास दिला तो घड्याळानं. मदरबोर्डावरचं घड्याळ लिनक्स यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतं आणि विंडोज स्थानिक वेळ. त्यामुळे विंडोज वापरून डेबियनमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे. नेट असेल तर लगेच सुधारतं, म्हणून लोक हे फारसं मनावर घेत नाहीत. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात दोन दिवस ब्रॉडबँड बंद होतं. सकाळी नऊला एक लेख लिहून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला. फाइलवर वेळ पडली दुपारी अडीचची. अकराच्या सुमारास नेट आलं, घड्याळ सुधारलं, मी लेखात दोन पानं वाढवली आणि पुन्हा बॅकअप चालवला. स्क्रिप्टमध्ये आरसिंकचा 'अपडेट' पर्याय होता. डिस्कवरची प्रत अडीचची, म्हणजे त्याच्या मते नवी, म्हणून त्यानं ती तशीच ठेवली. एररसुद्धा नाही. चार दिवसांनी मूळ फाइल चुकून उडाली आणि बॅकअपमधून निघाला तो नऊ वाजताचा लेख. दोन पानं गेली ती गेलीच.

मग टाइमडेटसीटीएल या आज्ञेनं लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावलं. ते इशारा देतं, पण आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड नाही, म्हणून भारतात हेच ठीक, असं माझं ठाम मत होतं. चार महिने तसंच चाललं. मग एकदा कामासाठी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं. त्याला माझी सेटिंग काय माहीत! त्यानं मदरबोर्डावर यूटीसी लिहून टाकलं आणि पुन्हा साडेपाच तास. तेव्हा मत बदललं. आता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या साठ्यात, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ला १ दिलाय, म्हणजे तेही यूटीसी धरतं, लिनक्स मूळच्या सेटिंगवर आणलंय आणि स्क्रिप्टमधला 'अपडेट' काढलाय. नवं मशीन घेणाऱ्यानं हे पहिल्या दिवशीच करावं.

दुरुस्तीनंतर दोन्हीकडे घड्याळ साडेपाच तास पुढे दिसलं. सर्व्हिस सेंटरनं नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) मनगटावरची वेळ घातली होती. त्यांची चूक नाही, मी सांगायला हवं होतं. आता लॅपटॉपच्या पाठीवर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली आहे: 'बायोसचं घड्याळ यूटीसीवर आहे. बदलू नये. फॉरमॅट करू नये.'